पत्रक आधी व्यासपीठासाठी असतं

इव्हँजेलिकल मंडळ्या म्हणजे बायबलचा अधिकार आणि प्रत्येकाचं हृदयपरिवर्तन यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळ्या (चर्च). आपण काय मानतो हे त्या ज्यात कलमांनी मांडतात ते विश्वासाचं पत्रक. त्यावर वाद घालणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, ही कलमं हवीत कशाला? येशूने प्रीती करायला सांगितलं, सह्या घ्यायला सांगितलं नाही. कलमांनी माणसं तुटतात, सेवेने जोडली जातात. दुसरा तट म्हणतो, मंडळीला सीमा हवीच. ज्याला कलमं मान्य नाहीत त्याने दुसरं दार बघावं. दोघांचाही आवाज चढलेला असतो आणि दोघांचीही चूक एकच आहे. हे पत्रक दारात उभ्या राहिलेल्या माणसाचं माप घेण्यासाठी आहे, असं दोघांनीही धरून ठेवलं आहे. एकाला ते माप निष्ठुर वाटतं, दुसऱ्याला आवश्यक. माझं म्हणणं असं की पत्रकाचं पहिलं काम दारात नाहीच, ते व्यासपीठापाशी आहे. मंडळीत ज्याच्या हाती माइक, दानाचे पैसे आणि लोकांचा भरवसा एकवटतो, त्या माणसाला बांधून ठेवणं हे त्याचं काम. मंडळी पत्रक गुंडाळून ठेवते तेव्हा सगळ्यात जास्त मोकळा होतो तो हाच माणूस.

पत्रकात असतं तरी काय? शब्द आणि क्रम मंडळीगणिक बदलतात, गाभा बहुतेक एकच राहतो. पवित्र शास्त्र देवप्रेरित आहे आणि विश्वास व आचरण यांबाबत तेच अंतिम प्रमाण आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्र्यैक्य देव एकच आहे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा, पण पापात पडलेला. येशू ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. तो आपल्यासाठी वधस्तंभावर मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी देहाने उठला. तारण कर्मांनी मिळत नाही, कृपेने मिळतं, विश्वासाच्या द्वारे. माणसाला नव्याने जन्मावं लागतं आणि तो जन्म त्याच्या वतीने दुसरा कोणी घेऊ शकत नाही. सारे विश्वासणारे याजक आहेत, म्हणजे देवापुढे थेट जाऊ शकतात. प्रभू पुन्हा येणार आहे आणि न्याय होणार आहे. 1846 मध्ये लंडनला इव्हँजेलिकल अलायन्स स्थापन झाली तेव्हा तिने आपला पाया नऊ कलमांत मांडला. पुढे 1989 मध्ये इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी या परंपरेची चार लक्षणं सांगितली: शास्त्रावर भर, वधस्तंभावर भर, हृदयपरिवर्तनावर भर आणि कृतीवर भर. नऊ म्हणा की चार, यादी लांबलचक नाही.

आता हीच यादी पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूच्या, जागी उभं राहून वाचा. शास्त्र अंतिम प्रमाण असेल, तर माझं स्वप्न, माझा दृष्टान्त, ‘काल रात्री देव माझ्याशी बोलला’ हे माझं वाक्य शास्त्राच्या खाली आलं. ते तपासायचा हक्क समोर बसलेल्या प्रत्येकाला मिळाला. सर्वांनी पाप केलं असेल, तर त्या ‘सर्वां’त मीही आलो आणि माझे हिशेब कोणी तपासले तर तो माझा अपमान ठरत नाही. देव आणि मनुष्य यांच्यामध्ये एकच मध्यस्थ असेल, आणि तो ख्रिस्त असेल, तर देवाकडे जायला माझी चिठ्ठी कोणालाही लागत नाही. कृपा फुकट असेल, तर मी ती विकू शकत नाही. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या पापदंडाच्या माफीपत्रांविरुद्ध 95 मुद्दे मांडले, तेव्हा मोठ्या भांडणाच्या मुळाशी हीच साधी गोष्ट होती. आज ‘इतकं दान पेरा, तितका आशीर्वाद कापा’ असं सांगणारा प्रचारक स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवत असला तरी तो त्याच दुकानात बसला आहे. त्याला तसं तोंडावर सांगायचं असेल तर हातात काय हवं? मोघम प्रेम तिथे उपयोगी पडत नाही. कलमच लागतं.

शेवटच्या कलमाचंच बघा. प्रभूच्या येण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना बाहेरचे लोक हसतात. पण ते कलम ज्या शास्त्रावर उभं आहे, त्याच शास्त्रात येशूचं म्हणणं स्पष्ट आहे: तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. विल्यम मिलर यांच्या अमेरिकेतल्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. काहींनी शेतातलं उभं पीक कापलंच नाही. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून 21 मे 2011 जाहीर केली आणि त्यांचं ऐकून लोकांनी आयुष्यभराची पुंजी जाहिरातींवर घातली. मंडळ्यांचा काळ आता संपला, त्या सोडून बाहेर पडा, असंही कॅम्पिंग कितीतरी वर्षं सांगत होते, हे फार कमी जणांना आठवतं. मला ती गोष्ट तारखेहून भयंकर वाटते. मंडळी सोडली म्हणजे ‘हे कुठे लिहिलंय?’ असं विचारणारे वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ), सभासद, शेजारचा माणूस, सगळे एकदम गेले. उरला एक आवाज आणि एकेकटे ऐकणारे.

पत्रकाचं हे काम कोणी आज शोधून काढलेलं नाही. प्रेषित पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलतीया इथल्या मंडळ्यांना, लिहिलं, ते ख्रिस्ती लिखाणातल्या अगदी सुरुवातीच्या पत्रांपैकी एक. त्यात तो म्हणतो की आम्ही स्वतः किंवा स्वर्गातून उतरलेल्या देवदूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली, तरी तो शापित असो. ‘आम्ही स्वतः’ या शब्दांपाशी जरा थांबायला हवं. मंडळी स्थापन करणारा प्रेषित आपल्याच मंडळीच्या हातात आपल्याचविरुद्ध वापरायचं हत्यार देतो आहे. पुढच्याच अध्यायात तो अंत्युखियातली हकिगत सांगतो. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीला बसत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसं आली तशी त्यांच्या भीतीने तो मागे सरला, आणि त्याचं पाहून बाकीचेही उठले. पौलाने त्याला सगळ्यांसमोर धरलं. कशाच्या आधारावर? पेत्र ज्येष्ठ, येशूबरोबर चाललेला. पौल मागाहून आलेला, एकेकाळी मंडळीचा छळ करणारा. अधिकाराची उतरंड लावली तर पौलाने गप्प बसायला हवं होतं. मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो, नियमशास्त्राच्या कर्मांनी नाही, हे दोघांनी मान्य केलेलं तत्त्व मध्ये ठेवलं म्हणूनच धाकटा थोरल्यासमोर उभा राहू शकला. आणि त्या तत्त्वाने काय साधलं? ज्यांच्या पानावरून थोर माणूस उठून गेला होता, त्यांची बाजू घेतली गेली. ‘कलमं माणसं तोडतात’ म्हणणाऱ्यांनी ही पंगत डोळ्यांसमोर आणावी.

मी हे लहान प्रमाणावर घडताना पाहिलं आहे. आठवड्याच्या शास्त्राभ्यासाला बाहेरून आलेले एक वक्ते रंगात येऊन सांगत होते की घरातलं आजारपण हटत नसेल तर घरातल्याच कोणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे. दुसऱ्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशींनी हात वर केला. त्यांच्या मांडीवर पवित्र शास्त्र उघडं होतं, पानांच्या कडा हळदुव्या पडलेल्या, मधे मंडळीचं पत्रक घडी घालून ठेवलेलं. त्यांनी विचारलं, “भाऊ, हे कुठल्या अध्यायात आहे?” वक्त्यांनी एक वचन सांगितलं. मावशींनी ते काढलं, बोट ठेवून मोठ्याने वाचलं, मग पुढच्या दोन ओळीही वाचल्या, आणि म्हणाल्या, “यात तर तसं काही नाही.” त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांच्या मागच्या रांगेत एक बाई होती, तिचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळलेला. ती तोवर मान खाली घालून बसली होती. तिने मान वर केली. मावशींपाशी पदवी नव्हती, मंडळीत कुठलं पद नव्हतं. मंडळीने स्वतःला कशाने बांधून घेतलं आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं.

विरोधकांचे मुद्दे मात्र हलके नाहीत, आणि ते हलके असल्यासारखे उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. पहिला मुद्दा रक्ताचा आहे. 27 ऑक्टोबर 1553 रोजी जिनिव्हात मायकेल सर्व्हेटस याला त्र्यैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळलं. जाळणारे धर्मसुधारणेच्या बाजूचे होते, ज्यांच्याकडून इव्हँजेलिकल परंपरेने पुष्कळ घेतलं तेच. यावर ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मी देणार नाही. उत्तर त्याच परंपरेच्या आत आहे. 1612 मध्ये थॉमस हेल्विस या इंग्लिश बॅप्टिस्टाने (स्वतः विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथातल्या) राजाला उद्देशून लिहिलं की प्रजेच्या अमर आत्म्यांवर राजाची सत्ता नाही. पाखंडी असोत, तुर्क असोत, यहुदी असोत, धर्मावरून त्यांना शिक्षा करायचा अधिकार पृथ्वीवरच्या सत्तेला नाही. त्याला लंडनच्या न्यूगेट तुरुंगात टाकलं आणि तो तिथेच मेला. हेल्विसला हे बळ विश्वास पातळ केल्याने आलेलं नव्हतं. नवा जन्म आतून व्हावा लागतो, तो सक्तीने होत नाही, हे त्याने मनापासून मानलं होतं. ते कलम खरं मानलं की शेकोटीची लाकडं हातातून गळून पडतात. जिनिव्हाने आपल्याच विश्वासाचा शेवट गाठला नाही.

दुसरा मुद्दा याहून जड आहे. 1845 मध्ये अमेरिकेतले दक्षिणेकडचे बॅप्टिस्ट वेगळे झाले, कारण गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवता यावं असा त्यांचा हट्ट होता. वधस्तंभ, पुनरुत्थान, कृपा, त्यांचं सगळं शिक्षण ‘शुद्ध’ होतं. रविवारी कृपेवर प्रवचन आणि सोमवारी माणसांचा लिलाव. मग पत्रकाने कोणाला बांधलं? त्या संस्थेने स्थापनेच्या वेळी स्वतःचं विश्वासपत्रक केलंच नव्हतं, शास्त्राखेरीज कुठल्याही बंधनकारक मतपत्रकाची आपल्याला नावड आहे असं जाहीर केलं होतं, आणि तिचं पहिलं पत्रक 1925 मध्ये आलं, असं मी म्हणू शकेन. ते खरं आहे. पण त्या आडोशाला लपणं प्रामाणिक होणार नाही. एकेका मंडळीकडे पत्रकं होतीच आणि तरी बेड्या तुटल्या नाहीत. त्या पापाची कबुली त्या संस्थेने ठराव करून दिली ती 1995 मध्ये, दीडशे वर्षांनी. म्हणून मी एवढंच म्हणेन: कागद आपोआप कोणाला वाचवत नाही. तो कोणीतरी उचलून विचारावा लागतो.

आणि विचारणारे होते. 1807 मध्ये लंडनला वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक बायबल छापण्यात आलं. मोशे फारोपुढे उभा राहतो आणि इस्राएल मिसरातून सुटतो, ती कथा त्यात नव्हती. दास नाही, स्वतंत्र नाही, ख्रिस्तात सगळे एक आहेत, हे गलतीकरांतलं वचन नव्हतं. चाकरांनी धन्याची आज्ञा पाळावी, ते मात्र ठेवलं होतं. धर्मग्रंथ हा दडपणुकीचाच ग्रंथ असता तर दडपणाऱ्यांना तो कापावा का लागला असता? पूर्ण ग्रंथ गुलामाच्या हाती पडला तर काय होईल हे मालकवर्गाला आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्याच वर्षी, 1807 मध्ये, विल्यम विल्बरफोर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी वीस वर्षं लढून ब्रिटिश संसदेकडून गुलामांचा व्यापार बंद करवला. ते इव्हँजेलिकल होते आणि तो विश्वास बाजूला ठेवून ते लढले नाहीत. एकाच वर्षी एकाच शहरात एकाने शास्त्र कापलं आणि दुसऱ्याने ते मानलं.

तिसरा मुद्दा आजचा आहे आणि तो मला रात्री झोपू देत नाही. ‘केवळ कृपेने तारण’ हे कलम अत्याचार करणाऱ्याच्या सोयीचं ठरतं. पाळकाने कोणाचं शोषण केलं, तो डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला, ‘देवाने मला क्षमा केली’ म्हणाला, मंडळीने टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा व्यासपीठावर. जिच्यावर अन्याय झाला तिला सांगितलं जातं की तू क्षमा करत नाहीस म्हणजे कटुता तुझ्या मनात आहे. हे घडतं, अनेक ठिकाणी घडलं आहे, आणि ते कृपेच्या भाषेतच घडतं. नाझींना विरोध करणारा जर्मन पाळक डिट्रिश बोनहॉफर याने या मालाला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं होतं. पण यावर उपाय कृपेचं कलम खोडणं आहे का? ज्या शास्त्रावर ते कलम उभं आहे तेच शास्त्र म्हणतं की अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, निर्दोष असावा. वडीलधाऱ्यांपैकी जे पाप करतात त्यांचा सर्वांसमोर निषेध कर. आणि दुष्कर्म करणाऱ्याला शासन करायला देवाने राज्यसत्ता ठेवली आहे. देवापुढची क्षमा म्हणजे गमावलेलं पद परत मिळण्याची पावती नाही. गुन्हा पोलिसांकडे आणि न्यायालयात जातो, वडिलांच्या खोलीत मिटत नाही. टाळ्या वाजवणाऱ्या मंडळीने अर्धं पत्रक वाचलेलं असतं, आणि ते अर्धं कोणी निवडलं हेही विचारायला हवं.

‘प्रेम पुरे, कलमं नकोत’ हे किती गोड वाटतं आणि सत्तेला किती सोयीचं पडतं, याचं उदाहरण जर्मनीचं आहे. नाझी पक्षाच्या 1920 च्या कार्यक्रमातलं चोविसावं कलम ‘सकारात्मक ख्रिस्ती धर्मा’ची भाषा करतं आणि त्याच वाक्यात सांगतं की कुठल्याही विशिष्ट पंथमताशी आम्ही बांधलेले नाही. धर्म हवा, पण त्याला कलमांचा काच नको. 1933 मध्ये प्रशियातल्या प्रोटेस्टंट मंडळीच्या सभेने यहुदी वंशाच्या पाळकांना काढायचा नियम केला. त्याला विरोध करणाऱ्यांपैकी काही 29 ते 31 मे 1934 ला बार्मेनमध्ये जमले, ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतले) एकत्र, आणि त्यांनी सहा कलमांचं एक पत्रक काढलं. मसुद्यात मुख्य हात ईश्वरशास्त्रज्ञ कार्ल बार्ट यांचा. पहिलंच कलम: शास्त्रात ज्याची साक्ष आहे तो येशू ख्रिस्त हेच देवाचं एकमेव वचन, दुसरं कुठलंही सामर्थ्य, व्यक्ती किंवा घटना मंडळीच्या घोषणेचा उगम होऊ शकत नाही. ती माणसं आजच्या अर्थाने इव्हँजेलिकल नव्हती, आणि त्या पत्रकात यहुद्यांच्या छळावर एक शब्दही नव्हता; बार्ट यांना पुढे त्याची खंत वाटली. तरीही व्यासपीठावर झेंडा चढवायला निघालेल्यांपुढे आडवं घालायला तिथे काही होतं ते हेच. मी कलमं नको म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्या रांगेत बसवत नाही, तसं करणं अन्याय होईल. मी एवढंच विचारतो, की उद्या तुमच्या व्यासपीठावरून एखाद्या पक्षाचा, नेत्याचा किंवा राष्ट्राचा जयजयकार सुवार्ता म्हणून विकला जाऊ लागला, तर तुम्ही कशावर बोट ठेवून उठाल?

दुसऱ्या तटालाही दोन शब्द. सही करा नाहीतर चालते व्हा, ही भाषा पत्रकाला त्याच्या कामावरून काढून वॉचमनच्या स्टुलावर बसवते. 1529 मध्ये जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडमधले धर्मसुधारक झ्विंगली यांचं पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं आणि प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) पंधराव्यावर दोघे दोन वाटांना गेले. यादी वाढवत नेण्याची हौस असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. पंडिता रमाबाईंचा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्र्यैक्याबद्दल आणि ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल त्यांचे प्रश्न सुटलेले नव्हते. 1885 मध्ये त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलं की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता पाद्री म्हणतात ते सगळं देवाची आज्ञा म्हणून स्वीकारून तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. जवळच्यांना ते बंड वाटलं. मला त्यात इव्हँजेलिकल पत्रकाचं पहिलं कलमच दिसतं: पुढाऱ्याच्या शब्दाला शास्त्राची कसोटी. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिलं की धर्म तर सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. त्या मधल्या आठ वर्षांत कोणी त्यांना सही करा नाहीतर निघा म्हटलं असतं तर? पुढे याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध शास्त्र साध्या मराठीत आणलं, आणि त्याच्या छपाईचे खिळे त्यांच्याच आश्रमातल्या बायकांनी जुळवले. ज्यांना कोणी वाचायलाही शिकवलं नव्हतं त्यांच्या हाती कसोटी पोचली.

पत्रक दुरुस्त होऊ शकतं, हेही दोन्ही तट विसरतात. 1974 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझानला जगभरातले इव्हँजेलिकल जमले. लॅटिन अमेरिकेतल्या रेने पादिया आणि सामुएल एस्कोबार यांनी भर सभेत सांगितलं की गरिबांवरच्या अन्यायाकडे पाठ फिरवणारी सुवार्ता अर्धीच आहे. इंग्लिश पाळक जॉन स्टॉट यांच्या देखरेखीखाली झालेल्या करारात सामाजिक जबाबदारीचं कलम आलं, आणि त्यात आजवरच्या दुर्लक्षाबद्दल पश्चात्तापही नोंदला गेला. विश्वासाच्या कागदावर ‘आम्ही चुकलो’ असं लिहिणं सोपं नसतं.

माझी मागणी छोटी आहे. वर्षातून एकदा, भरल्या उपासनेत, पत्रक पाळकाने स्वतः मोठ्याने वाचावं आणि सगळ्यांच्या देखत आधी त्याने सही करावी, मग वडिलांनी, मग हिशेब बघणाऱ्यांनी. प्रत्येक कलमाखाली शास्त्रातले संदर्भ ठळक छापलेले असावेत. छापील प्रत प्रत्येक खुर्चीवर असावी, नुकत्याच आलेल्या पाहुण्याच्याही, आणि त्याच्याकडून सही मागू नये. मग प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवावा, आणि पहिला प्रश्न दुसऱ्या रांगेतून येऊ द्यावा.